हेडफोन पारखावा कसा आणि इक्वलायझर लावावा कसा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एखाद्या दुकानात दोन हेडफोन एकापाठोपाठ एक कानाला लावले आणि त्यांतला एक दुसऱ्यापेक्षा जेमतेम एक डेसिबलने मोठा वाजत असला, तर बहुतेक गिऱ्हाइके तोच उचलतात. आणि कारण विचारले तर 'हा मोठा वाजतो' असे न सांगता 'याचा आवाज खुला आहे, भरदार आहे' असे सांगतात. पातळीतला इतका लहान फरक कानाला मोठेपणा म्हणून जाणवत नाही, तो गुण म्हणून जाणवतो. हेडफोन पारखताना आणि पुढे इक्वलायझरने (खालचे, मधले, वरचे स्वर वेगवेगळे कमी-जास्त करणाऱ्या सोयीने) त्याचा आवाज सुधारताना होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ या एका गोष्टीत असते. म्हणून या लेखातल्या सर्व पायऱ्यांत दोन आवाजांची तुलना समान पातळीवर करण्याला मी इतर कशाहूनही अधिक महत्त्व दिले आहे. हजार-दोन हजारांच्या इअरफोनला ही पद्धत जितकी लागू पडते, तितकीच पंचवीस हजारांच्या हेडफोनलाही पडते.

आधी हेडफोन नीट बसवावा

बासचे जवळजवळ सगळे भवितव्य हेडफोन कानावर कसा बसतो यावर ठरते. कानाभोवती बसणाऱ्या बंद हेडफोनच्या गादीत आणि त्वचेत थोडीशी फट राहिली तरी खर्जाचा दाब तिथून निसटतो. चष्म्याची काडी, कानावर आलेले केस किंवा चपटी झालेली गादी एवढे त्याला पुरते. तपासणी सोपी आहे. डग्गा किंवा बास गिटार ठळक असलेला तुकडा लावावा आणि दोन्ही वाट्या तळहाताने हलकेच दाबाव्यात. बास लक्षात येण्याइतका वाढला, तर दोष बसण्यात आहे आणि तो इक्वलायझरने झाकू नये. कानात घालायच्या इअरफोनबरोबर तीन मापांची रबरी टोके येतात, ती सगळी लावून पाहावीत. दोन कानांना वेगवेगळे माप लागणे मुळीच विचित्र नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात कृत्रिम चामड्याच्या गाद्यांचे पापुद्रे निघू लागतात आणि आतला स्पंज बसतो. मग स्पीकर कानाच्या अधिक जवळ येतो आणि ट्रेबलसुद्धा (वरच्या स्वरांचा भाग) बदलते. अशा वेळी नवी गादी हाच पहिला उपाय.

त्यानंतर आवाजावर परस्पर प्रक्रिया करणारी प्रत्येक सोय बंद करावी: फोनच्या सेटिंगमधले डॉल्बी, बास बूस्ट, सराउंड, गाण्याच्या ॲपमधला इक्वलायझर, हेडफोनच्या स्वतःच्या ॲपमधला प्रीसेट (आधीच ठरवून दिलेली जुळणी). एकावर एक दोन इक्वलायझर चालू असले, तर आपण नेमके काय दुरुस्त करत आहोत हे कधीच कळत नाही. ब्लूटूथ हेडफोनमध्ये नॉइज कॅन्सलिंग चालू आणि बंद असताना आवाजाचा पोत बऱ्याचदा वेगळा असतो, म्हणून रोज ज्या स्थितीत ऐकता तीच स्थिती पारखताना ठेवावी.

ऐकण्याची जागा शांत असावी, पंखासुद्धा बंद असावा. केएमटीच्या बसमध्ये बसून इक्वलायझर लावला, तर इंजिनाची घरघर खर्ज झाकून टाकते, त्यामुळे बास वाढवत नेला जातो आणि घरी आल्यावर तोच आवाज फुगलेला वाटतो. विसर्जन मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीजवळून चालून आल्यावर तर एक-दोन दिवस हे काम हातीच घेऊ नये, कारण मोठ्या आवाजाने कानाची संवेदनशीलता काही काळ उतरलेली असते. कान पुष्कळ वेळ वाजत राहिले, तर प्रश्न हेडफोनचा नसून डॉक्टरांचा आहे.

मोजपट्टी कोणती घ्यावी

हेडफोनचा आवाज 'बरोबर' आहे की नाही हे ठरवायला असा एखादा आवाज लागतो, जो आपण हेडफोनशिवाय, प्रत्यक्ष, अनेकदा ऐकलेला आहे. या बाबतीत कोल्हापूरकर भाग्यवान आहेत. शाहू महाराजांच्या आश्रयाने उस्ताद अल्लादिया खाँ इथे राहिले, गायन समाज देवल क्लब ही संगीतसंस्था १८८३पासून इथे उभा आहे, आणि तानपुऱ्यांसाठी देशभर नाव असलेले मिरज तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे. मात्र सभागृहातल्या मैफलीत जे ऐकू येते ते बहुधा मायक्रोफोन आणि स्पीकर यांतून आलेले असते, त्यामुळे ती मोजपट्टी म्हणून कच्ची ठरते. त्यापेक्षा एखाद्या गुरुजींच्या घरी समोर बसून ऐकलेला तानपुरा, तबल्याच्या वर्गात हातभर अंतरावरून ऐकलेला डग्गा किंवा खासबाग मैदानात कुस्तीच्या वेळी ऐकलेली हलगी अधिक विश्वासाची.

माझ्या मते पारखीसाठी तानपुऱ्याइतके उपयोगी वाद्य दुसरे नाही. गायकाचा स्वर काळी एक (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी) असेल, तर षड्जाची जोडी साधारण १३९ हर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला १३९ कंपनांवर) आणि खर्जाची तार ६९ हर्ट्झवर बोलते. गायिकेचा स्वर काळी चार असेल, तर तेच आकडे अंदाजे २०८ आणि १०४ होतात. पण तानपुऱ्याचा खरा गुण मूळ स्वरात नसून जवारीतून (घोडीला तार हलकेच घासून उठणाऱ्या झणकारातून) सुटणाऱ्या स्वरांशांत, म्हणजे मूळ स्वराच्या वर उमटणाऱ्या सूक्ष्म स्वरांत, आहे, आणि हे स्वरांश कित्येक किलोहर्ट्झपर्यंत पसरलेले असतात. म्हणजे एकाच वाद्यात खर्जापासून वरपर्यंतचा पट सलग मिळतो आणि तोही एकसारखा, न बदलता, हवा तितका वेळ. फक्त तानपुऱ्याचे चांगले ध्वनिमुद्रण लावून पाच मिनिटे ऐकावे. खर्जाची तार बाकीच्या तिन्ही तारांवर चढून बसत असेल, तर १०० ते २५० हर्ट्झच्या दरम्यान फुगवटा आहे. जवारी पत्र्यासारखी चरचरत असेल, तर २ ते ५ किलोहर्ट्झच्या आसपास कुठेतरी टोक, म्हणजे अचानक वाढलेला चिंचोळा भाग, आहे. आणि ती जाड कापडाआडून आल्यासारखी वाटत असेल, तर त्याच भागात खड्डा आहे. चारही तारा छेडल्यावर जे एकसंध आवर्तन तयार व्हायला हवे, ते तुटक ऐकू येत असेल, तर पुढे काम आहे हे नक्की.

तबल्यात दोन गोष्टी पाहाव्यात. डग्ग्यावर तळहात सरकवून काढलेली मींड खालपासून वरपर्यंत एकाच जोराने चढते की मध्येच एखाद्या ठिकाणी उसळते, आणि दायाची चाट (उजव्या तबल्याच्या काठावरचा आघात) टोकदार असूनही टोचत नाही ना. हलगीचा कडाका आणि ढोलकीची थाप यांनी आघात कळतो. लावणीतल्या घुंगरांनी ६ किलोहर्ट्झच्या वरचा भाग कळतो. मानवी आवाजासाठी गाण्यापेक्षा बोलणे घ्यावे, कारण गाण्याच्या ध्वनिमुद्रणात प्रतिध्वनी आणि इतर करामती मिसळलेल्या असतात. बातम्या वाचणारा आवाज किंवा ओळखीच्या माणसाने फोनवर मुद्रित केलेला परिच्छेद चालतो. 'स', 'श' आणि 'च' शिट्टीसारखे वाजत असतील, तर ५ ते ९ किलोहर्ट्झ तपासावे. पुरुषाचा आवाज माठात बोलल्यासारखा येत असेल, तर २०० ते ४०० हर्ट्झ तपासावे. आणि आवाज नाकात अडकल्यासारखा वाटत असेल, तर १ किलोहर्ट्झच्या आजूबाजूला शोधावे.

जुन्या ध्वनिमुद्रिका मात्र या कामात दूर ठेवाव्यात, त्या कितीही प्रिय असल्या तरी. अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांचे गायन १९७७मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सुवर्ण तबकडीतून अंतराळात गेले, पण ७८ फेऱ्यांच्या त्या काळातल्या तबकड्यांत खोल खर्ज आणि वरची टोके मुळातच फारशी उतरलेली नाहीत. त्यांच्यावरून हेडफोनचा बास जोखणे म्हणजे नसलेली गोष्ट शोधणे होय. उलट बाजूने, एकच गाणे कर्कश लागत असेल आणि बाकीची नीट लागत असतील, तर दोष गाण्याचा धरावा.

शुद्ध स्वराने चाचपणी

ऐकून झालेला अंदाज पक्का करण्यासाठी टोन जनरेटरचे एखादे मोफत ॲप वापरावे. आवाज हळू ठेवून २० हर्ट्झपासून १० किलोहर्ट्झपर्यंत सावकाश सरकत जावे आणि जिथे स्वर अचानक उसळतो किंवा बुडतो ते आकडे कागदावर टिपावेत. इथे एक समज आवश्यक आहे: कान स्वतःच सपाट नाही. अमेरिकेतल्या बेल लॅब या संशोधनसंस्थेत फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्ये दाखवून दिले की, एकाच दाबाचे वेगवेगळे स्वर कानाला सारखे मोठे वाटत नाहीत. खर्ज बराच दबलेला आणि ३ ते ४ किलोहर्ट्झचा भाग सर्वांत ठळक वाटतो. म्हणून संथ चढ-उतारांकडे दुर्लक्ष करावे आणि चिंचोळी, अचानक येणारी टोकेच तेवढी टिपावीत. खालच्या स्वरांवर खरखर किंवा फरफर ऐकू आली, तर हेडफोनच्या आतल्या पडद्यावर केस अडकला असण्याची किंवा आतला भाग सुटला असण्याची शक्यता असते, आणि ते इक्वलायझरच्या आवाक्याबाहेरचे आहे.

स्वर मध्यभागी न राहता एका बाजूला झुकत असेल, तर हेडफोन उलटा घालून पाहावा. झुकाव हेडफोनबरोबर दुसऱ्या बाजूला गेला, तर दोष हेडफोनचा. तो त्याच कानाकडे राहिला, तर कानात मळ साचला आहे का, हे कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून पाहून घ्यावे. हे अगदी साधे कारण असते आणि तरीही त्यासाठी नवे हेडफोन विकत घेतले जातात.

आलेख कसा वाचावा

लोकप्रिय हेडफोनचे मोजमाप करून काढलेले आलेख इंटरनेटवर सहज मिळतात. आडव्या रेषेवर वारंवारता आणि उभ्या रेषेवर डेसिबल असतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ३ किलोहर्ट्झजवळचा मोठा उंचवटा दोष वाटतो. प्रत्यक्षात तो तिथे असायलाच हवा. समोरच्या स्पीकरचा आवाज कानाच्या पाळीतून आणि नळीतून पडद्यापर्यंत पोहोचताना त्याच भागात नैसर्गिकरीत्या वाढतो, आणि कृत्रिम कानात घेतलेल्या मोजमापात हेडफोनने ती वाढ भरून दाखवावी लागते. सपाट आलेखाचा हेडफोन म्हणूनच निर्जीव लागतो.

मग कशाशी तुलना करायची? हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह, टॉड वेल्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐकणाऱ्यांच्या पसंतीच्या चाचण्या घेऊन जी लक्ष्यरेषा (हेडफोनचा आलेख कसा असावा याचा नमुना) तयार केली, ती आज सर्वांत जास्त वापरली जाते. चांगल्या खोलीत ठेवलेल्या चांगल्या स्पीकरसारखा आवाज बहुतेकांना आवडतो, थोडा वाढीव बास धरून, हा तिचा गाभा. कानाभोवतीच्या आणि कानातल्या हेडफोनसाठी या रेषा वेगळ्या आहेत, त्या एकमेकींच्या जागी वापरू नयेत. हार्मनचा बास मला ख्यालगायनासाठी थोडा जास्त वाटतो आणि मी तो दोन-एक डेसिबलने उतरवतो, पण ही आवड झाली, नियम नव्हे. आलेखाचा साधारण ८ किलोहर्ट्झच्या पुढचा भाग अक्षरशः घेऊ नये, कारण तिथली टोके तुमच्या कानाचा आकार आणि इअरफोन किती आत जातो यांवर बदलतात.

साधने

विंडोजवर 'इक्वलायझर एपीओ' हे मोफत सॉफ्टवेअर संपूर्ण संगणकाच्या आवाजावर काम करते आणि त्याच्या जोडीला 'पीस' घेतल्यास हाताळणी सोपी होते. लिनक्सवर 'ईझीइफेक्ट्स' आहे. अँड्रॉइडवर 'वेव्हलेट' किंवा 'पॉवरॲम्प इक्वलायझर' वापरता येते. आयफोनवर एका ॲपने दुसऱ्याचा आवाज बदलण्याची मुभा नसल्याने गाण्याच्या ॲपमधल्या सोयीवर किंवा हेडफोन उत्पादकाच्या ॲपवर भागवावे लागते. उत्पादकाच्या ॲपमधला बदल बऱ्याचदा हेडफोनमध्येच साठवला जातो आणि मग तो कुठल्याही फोनला जोडला तरी टिकतो, हा त्याचा फायदा.

दहा सरकपट्ट्यांचा ग्राफिक इक्वलायझर ठरावीक ठिकाणीच हात घालू देतो. तुमच्या हेडफोनचे टोक ५.५ किलोहर्ट्झवर असेल आणि पट्ट्या ४ व ८ किलोहर्ट्झवर असतील, तर दोन्ही खाली ओढून आजूबाजूचे चांगलेही कापले जाते. पॅरामेट्रिक इक्वलायझरमध्ये प्रत्येक फिल्टरला तीन गोष्टी देता येतात: जागा, किती डेसिबल, आणि रुंदी. रुंदीच्या आकड्याला क्यू म्हणतात. तो ०.७ असला तर बदल पसरट, १.४ असला तर साधारण एका सप्तकाएवढा आणि ४ असला तर एका सप्तकाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा चिंचोळा असतो. ठरावीक जागेच्या खालचा किंवा वरचा सगळा भाग एकदम उचलणाऱ्या वा उतरवणाऱ्या फिल्टरला शेल्फ म्हणतात.

याक्को पासानेन यांच्या 'ऑटोईक्यू' या खुल्या प्रकल्पात असंख्य हेडफोनसाठी तयार आकडे मिळतात, आणि वेव्हलेटमध्ये ते आधीच भरलेले आहेत. तुमचे मॉडेल त्यात असेल, तर तिथून सुरुवात करावी, पण तिथेच थांबू नये. तो आकडा मोजलेल्या नगाचा आहे, तुमच्या कानावरच्या नगाचा नाही. वरच्या भागातले चिंचोळे फिल्टर तर मी सरळ काढून टाकतो.

प्रत्यक्ष काम

सर्वप्रथम प्रीॲम्प, म्हणजे इक्वलायझरमधली एकूण पातळीची पट्टी. कुठलाही फिल्टर वाढवायचा असेल, तर एकूण पातळी निदान तितक्याच डेसिबलने आधी खाली आणावी, नाहीतर मोठ्या आवाजाच्या जागी ध्वनी छाटला जाऊन फाटतो. बासला ५ डेसिबल द्यायचे असतील, तर प्रीॲम्प उणे ५. शेजारचे दोन वाढीव फिल्टर एकमेकांवर चढत असतील, तर त्यांची मिळून होणारी उंची धरावी.

मग खालून वर जावे. बाससाठी १०५ हर्ट्झचा लो शेल्फ घ्यावा आणि एका वेळी एका डेसिबलने हलवावा. त्यानंतर २०० ते ४०० हर्ट्झ, जिथे बहुतेक स्वस्त इअरफोनचा आवाज गढूळ असतो. बास जास्त आहे अशी तक्रार असते तेव्हा खरा गुन्हेगार पुष्कळदा ६० हर्ट्झ नसून हाच भाग असतो. इथे दोन-तीन डेसिबल कापले की डग्गा खोलच राहतो आणि तानपुरा मोकळा होतो. मध्यभाग हलका हात ठेवून सुधारावा, कारण गळ्याचा पोत तिथे आहे आणि दीड डेसिबलही कळतो. ट्रेबल सर्वांत शेवटी.

फुगलेला आणि थोडा ओरडणारा असा एखादा साधा इअरफोन धरू. त्याला सुरुवातीचा संच असा देता येईल: १०५ हर्ट्झला लो शेल्फ उणे २, २५० हर्ट्झला उणे २.५, क्यू ०.८, ३.२ किलोहर्ट्झला उणे २, क्यू १.५, आणि शुद्ध स्वराच्या चाचणीत टिपलेल्या टोकावर, समजा ६.८ किलोहर्ट्झला, उणे ४, क्यू ४. यात सगळी वजाबाकी आहे, त्यामुळे प्रीॲम्प शून्यावर ठेवता येतो आणि फाटण्याची भीती नाही. हे आकडे उतरवून घेण्यासाठी नाहीत. पाच-सहा फिल्टरांच्या आत काम भागावे आणि प्रत्येकाला ऐकलेले कारण असावे, एवढेच त्यातून घ्यावे.

टोक शोधण्याची स्टुडिओतली एक रीत म्हणजे चिंचोळा फिल्टर दहा डेसिबलने वाढवून इकडून तिकडे फिरवणे आणि जिथे वाईट लागेल तिथे कापणे. मला ती पटत नाही. इतका वाढवल्यावर कुठलीही जागा वाईटच लागते, आणि माणूस निर्दोष जागा कापत सुटतो. त्याउलट तोच फिल्टर सहा डेसिबलने उतरवून फिरवावा आणि जिथे एकदम आराम वाटेल तिथे थांबावे. मग उतार निम्म्यावर आणून ऐकावे.

तुलना

इथे घाई केली की वरचे सगळे वाया जाते. वजाबाकीने आवाज एकंदरीत हळू होतो, त्यामुळे इक्वलायझर बंद केल्यावर मूळ आवाज आपोआप 'चांगला' वाटतो. वाढ केलेली असेल तर उलट होते. म्हणून दोन प्रोफाइल (साठवलेले संच) करावेत: एकात तुमचे फिल्टर, दुसऱ्यात फक्त प्रीॲम्प. पिंक नॉइज (धबधब्यासारखा सलग आवाज) किंवा बोलण्याचा तुकडा लावून दोन्हींमध्ये जात-येत दुसऱ्याचा प्रीॲम्प अर्ध्या-अर्ध्या डेसिबलने असा जुळवावा, की बदलताना मोठेपणात फरक वाटणार नाही. मग घरातल्या कुणाला तरी पडद्यामागून प्रोफाइल बदलायला सांगावे आणि कोणता चालू आहे हे न कळता पसंती लिहून काढावी. प्रत्येक वेळी पसंती बदलत असेल, तर त्या फिल्टरची गरज नाही. तो काढून टाकावा.

नव्या आवाजाला कान दोन-तीन दिवसांत सरावतो. म्हणून पहिल्या तासात ठरवलेले दुसऱ्या दिवशी सकाळी, शांत कानाने, पुन्हा ऐकावे. मी रात्री ट्रेबलला हातच लावत नाही.

रात्री हळू आवाजात ऐकणाऱ्यांनी, वर सांगितलेल्या कानाच्या स्वभावामुळे, बास दोन-तीन डेसिबलने जास्त असलेला वेगळा प्रोफाइल ठेवायला हरकत नाही. मात्र तोच दुपारी मोठ्या आवाजात वापरू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांसाठी ८० डेसिबलच्या पातळीवर आठवड्याला ४० तास ही मर्यादा आहे, आणि पातळी ३ डेसिबलने वाढली की तो वेळ निम्मा होतो. बास वाढवण्यापायी प्रीॲम्प उतरवला आणि मग ती तूट फोनचा आवाज चढवून भरून काढली, तर खर्जाचा एकूण मारा नकळत वाढलेला असतो.

जिथे इक्वलायझर थिटा पडतो

आलेखात खोल, चिंचोळा खड्डा असेल, तर तो भरू नये. तिथे ध्वनिलहरी एकमेकींना रद्द करत असतात आणि कितीही ओतले तरी ते रिते राहते. मागून उघड्या असलेल्या हेडफोनमध्ये ४० हर्ट्झला आठ-दहा डेसिबल दिले, तर पडदा जास्त हलतो आणि विरूपण वाढते. बाहेरचा आवाज अडवणे, कानाला होणारा त्रास, वजन यांना फिल्टर नाही. आणि वयानुसार ऐकू येईनासे झालेले १२ किलोहर्ट्झच्या पुढचे स्वर भरून काढण्यासाठी तिथे वाढ करू नये; जे ऐकू येत नाही ते वाढत नाही, पण त्याच्या खालचे ऐकू येणारे स्वर मात्र टोचू लागतात.

संच पक्का झाला की तो फाइल म्हणून निर्यात करून ठेवावा, त्याच्या नावात हेडफोनचे मॉडेल, गादीचा किंवा रबरी टोकाचा प्रकार आणि तारीख घालावी. गादी बदलली, रबरी टोकाचे माप बदलले किंवा फर्मवेअरचे (हेडफोनच्या आतल्या सॉफ्टवेअरचे) अद्ययावतन झाले, की आधी बास आणि मग टिपलेली टोके शुद्ध स्वराने पुन्हा तपासावीत, कारण फर्मवेअरबरोबर उत्पादक आतला आवाजही बदलू शकतो.